विहिणीचे गुडघे

“आई, बाळंतपणाला मी माहेरी येणार नाही,” रेवतीनं फोनवर सांगितलं.

शेवंताबाई डिंकाचे लाडू वळत होत्या. “पहिलं बाळंतपण माहेरीच होतं,” त्या कडाडल्या.

“अगं, नदी ओलांडली की माझा मणी बंद पडतो.”

मणी मनगटाच्या कातडीखाली बसवलेला असे. नदीपलीकडच्या राज्यात तो सगळ्यांना मिळायचा. दुखणं तोच ओळखायचा, दवाखान्याला कळवायचा आणि सगळा खर्च राज्य भरायचं. नदीच्या अलीकडे, शेवंताबाईंकडे, ज्यानं त्यानं आपलं बघायचं.

शेवटी लाडवांचा डबा घेऊन शेवंताबाईच पूल ओलांडून गेल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर गुडघा धरून बसल्या, तेवढ्यात विहीणबाई भराभर चढून आल्या. वयानं चांगल्या थोरल्या!

“माझंही असंच व्हायचं हो,” विहीणबाई म्हणाल्या. “मण्यानं कळवलं, दोन्ही गुडघे नवे बसवून दिले.”

शेवंताबाईंचा जळफळाट झाला. लेक आपली, आणि मिरवतेय ही!

वर खोलीत मात्र विहीणबाईंनी नुकतीच जन्मलेली नात आधी शेवंताबाईंच्याच मांडीवर दिली. त्या विरघळल्या. इतक्यात दुपट्यातून इवलंसं मनगट बाहेर आलं. कातडीखाली मणी हिरवा लुकलुकत होता.

शेवंताबाईंनी ते मनगट घाईनं झाकलं.

“थंडी वाजतेय का तिला?” रेवतीनं विचारलं.

“हो,” त्या खोटंच बोलल्या. विहिणीचा हेवा एक वेळ बोलून दाखवता येतो. तासाभराच्या नातीचा हेवा कुणाला सांगायचा?