सात ते नऊ

आप्पांना जाऊन अकरा दिवस झाले होते. संध्याकाळी सात वाजता धम्मपालकाका फाटकापर्यंत आले आणि थबकले. दारू सोडल्यापासून तीन वर्षं ते आणि आप्पा, दोघे मित्र, रोज सात ते नऊ इथंच कॅरम खेळत. पिण्याची जुनी वेळ तीच होती. "काका, आत या ना," आप्पांची मुलगी म्हणाली. "आत कोण आहे गं आता? जेल रोडच्या बारमध्ये मंडळी बसली असतील. नुसता टेकतो तासभर." आप्पाही पूर्वी असंच सांगून जायचे. तिनं व्हरांड्यात बोर्ड मांडला, पावडर शिंपडली आणि आप्पांचा पिवळा पडलेला स्ट्रायकर काकांपुढे धरला. "तुला कुठं येतं खेळता?" "शिकवा." काकांनी चपला काढल्या. "तुझा बाप रडीचा डाव खेळायचा हं." "मी त्यांचीच मुलगी." तिच्या पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर थेट पॉकेटात गेला. काका हसले. नऊ वाजेपर्यंत ती हरत राहिली.