काचेवरची माळ

शहाऐंशी सालच्या खंडेनवमीला कंपनीतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, राहिला तो एकटा कॉम्प्युटर. खालापूरच्या त्या ऑफिसात नुकताच परदेशातून आलेला, टीव्हीसारखा सगळा एकाच डब्यात. काचेवर बोट ठेवलं की चालायचा म्हणे. बाया भीतीनं त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या.

अंबाबाई तिथं झाडलोट करायची. सकाळी कडाव गावाहून लवकर येऊन झेंडूच्या माळा ओवल्या तिनंच, पण नवरा गेल्यापासून पूजेच्या ताटाला हात लावायची सोय नव्हती. जळलं मेलं, एका यंत्राला तरी आपल्या हातानं माळ घालावी, एवढीच तिची हौस. केबिनमध्ये कोणी नाही असं बघून तिनं माळ घातली, ती नेमकी काचेवरून खाली सोडली.

झालं. कॉम्प्युटर पिसाळला. टुंग टुंग वाजत पडद्यावरची पानं आपोआप पालटायला लागली. पॅकिंगच्या बाया धावत आल्या.

"हिला कोनी सांगितलं व्हतं हात लावायला?" त्यांच्यातली आवडी म्हणाली. "आजच्या दिवशी तरी लांब राहावं ना गं."

अंबाबाई मेल्याहून मेल्यासारखी भिंतीला लागून उभी राहिली.

ऑपरेटर कमळाकर आला. त्यानं माळ उचलून डब्याच्या डोक्यावर ठेवली, तशी टुंगटुंग थांबली.

"बिघडलं नाय काय," तो म्हणाला. "काचेपुढं फूल आलं तरी याला बोटच वाटतं."

बायांचा जीव भांड्यात पडला. हसत बाहेर गेल्या आणि एकमेकींना हळदकुंकू लावायला लागल्या. अंबाबाईला कोणी बोलावलं नाही. बोलावणार नव्हतंच, तरी तिला फार वाईट वाटलं.

"मावशे, आता तू लाव बोट," कमळाकर म्हणाला. "याला कोनाचंबी चालतं."

तिनं पदराला बोट पुसलं आणि भीतभीत काचेला टेकवलं. पान पालटलं. इंग्रजीत काहीबाही उमटलं आणि खाली एक चौकोन लुकलुकत राहिला.

"काय म्हनतंय रं?"

"विचारतंय, पुढं काय करू?"

अंबाबाईनं काचेवरचं बोट काढलं नाही.

"काय करू नको म्हनावं," ती म्हणाली. "जरा बस माझ्यासंगं."