नावाचा रकाना

"लिही," साहेब म्हणाले. "'ज्यांनी पहिल्यांदा त्या भेगेपर्यंत जाण्याचं धाडस केलं.' लिहिलंस?"

"लिहिलं," ती म्हणाली आणि टंकत राहिली.

साहेब हात मागे बांधून प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभे होते. महिनाअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते, आणि जाण्याआधी त्यांना आपल्या नावानिशी एका नव्या खनिजात शिरून बसायचं होतं. अर्जाचे बाकीचे रकाने तिने आणि यंत्रवाल्याने मिळून भरले होते. यंत्रवाला म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सोडून दगडाच्या पोटातलं काढून घेणारा तिचा सहकारी. तो पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसला होता. रंग: चांदीसारखा करडा. चमक: धातूची. घटक: शिसं, बिस्मथ, गंधक आणि किंचित क्लोरीन. आकार: केसाहून बारीक सुया. काठिण्य: मोजता आलं नाही, काही टेकवलं की मोडतात. उगम: ज्वालामुखीच्या भेगेतून निघणारी पाचशे अंशांवरची वाफ, जी निवताना मधे द्रव न होता थेट स्फटिक होते. असं खनिज जगात दुसरीकडे कुठे सापडलेलं नव्हतं. आता उरले होते दोनच रकाने, नाव आणि ते नाव देण्याचं कारण.

या नावावरून महिनाभर खडाजंगी चालली होती. सुया सापडल्या होत्या तिच्या बाबांना. बाबा संस्थेचे ओझेवाले. वीस वर्षं शास्त्रज्ञांचं सामान पाठीवर घेऊन ते तो डोंगर चढले. शास्त्रज्ञ मधल्या शेडपर्यंत जात, तिथून पुढे बाबा एकटे, नाकाला ओला रुमाल बांधून. उत्तरेकडच्या भेगेत काहीतरी निराळं चमकतंय, हे त्यांनीच हेरलं. सुया मोडू नयेत म्हणून कापूस भरलेला डबा मांडीवर धरून ते गाडीने खाली आले, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर खेकसले. आता त्यांना एक जिना चढला तरी धाप लागते. साहेब त्या डोंगरावर एकदाच गेले होते, तेही गाडीचा रस्ता संपतो तिथवर. पुढे गुडघा आला म्हणे आडवा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते असेच.

बाबांचं नाव द्यावं, असं तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं.

"हमालाच्या नावाचं खनिज?" साहेब तेव्हा मोठ्याने हसले होते. "जगात शोभा होईल आपली."

पण खनिजांची नावं मंजूर करणाऱ्या समितीचा एक नियम आहे. जो अर्ज करतो, त्याला स्वतःचं नाव देता येत नाही. साहेबांनी त्यावरही तोड काढली. या संशोधनातून मी माझं नाव मागे घेत आहे, असं त्यांनी गेल्या आठवड्यात समितीला सहीनिशी कळवून टाकलं. आता अर्जदार दोघंच उरले, ती आणि यंत्रवाला. दोघांची नोकरी कराराची, आणि करार वाढवायचे कागद साहेबांच्याच टेबलावर. तेव्हा हे दोघं मुकाट्याने आपल्या लाडक्या साहेबांचं नाव सुचवणार, असा हिशेब होता. सगळ्या संस्थेला तो ठाऊक होता आणि सगळ्या संस्थेने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

तिला नुसता संताप येत होता. बाबांची धाप आठवली की आणखीच.

"पुढे घे," साहेब म्हणाले. "'वर्षानुवर्षं विषारी धूर छातीत घेतला, पण कधी तक्रार केली नाही.'"

"घेतलं."

"'स्वतःच्या हातांनी हा नाजूक नमुना जपून खाली आणला. ते नसते, तर जगाला या खनिजाची ओळखच झाली नसती.'" साहेबांना स्वतःचाच गहिवर आला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"यात काही बदल?" तिने विचारलं.

"एका अक्षराचाही नाही. आता संमतीपत्र दे. ज्याचं नाव द्यायचं तो हयात असेल, तर त्याची सही लागते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही झालीय, साहेब. सकाळीच."

तिने कागद पुढे सरकवला. खाली दाबून दाबून केलेली, वेडीवाकडी सही होती. बाबांची.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "मी माझं नाव अर्जात परत घालतो! आत्ताच्या आत्ता कळवतो समितीला!"

"कळवा. मग तर तुमचं नाव खनिजाला देताच येणार नाही."

"तू काय बघतोस?" साहेब यंत्रवाल्याकडे वळले. "तू सांग हिला!"

यंत्रवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मी काय सांगणार, साहेब? अर्जावर मीही सही केलीय."

"उद्यापासून दोघांनी इथे पाय ठेवायचा नाही!"

"नाही ठेवत," ती म्हणाली. "अर्ज घरूनही पाठवता येतो."

साहेबांनी पडद्यावर बोट आपटलं. "हा मजकूर माझा आहे! यातला शब्द न् शब्द मी सांगितलाय!"

ती उठली. पडदा तिने त्यांच्याकडे पूर्ण वळवला आणि खुर्चीही पुढे केली.

"शब्द तुमचेच आहेत. बसा आणि सावकाश वाचा. यातलं एक तरी वाक्य तुमच्याबद्दल खरं असेल तर दाखवा, साहेब. आत्ता नाव बदलते."