डिकीतला जाड्या

खुर्चीतल्या वैजनाथच्या हातात कॉमिक अन् माझ्या हातात केस कापायचं मशीन. चहाला जाताना दिगंबरमामा बजावून गेले होते, "हे पहिलं गिऱ्हाईक तुझं एकट्याचं. बिघडवलंस तर उद्यापासून सलूनची पायरी चढू नको." शाळा सुटली, गॅरेज सुटलं, आता एवढंच उरलं होतं.

पण कॉमिकमधला जाड्या हेडसरांच्या गाडीच्या डिकीत लपला होता अन् गाडी निघाली होती जाड्याच्याच घराकडं. मी वैजनाथच्या खांद्यावरून वाचत होतो.

"पान उलट की."

"थांब, हसू तर दे."

"कधीपासून त्याच पानावर हसतोयस."

त्यानं मुद्दाम मागचं पान काढलं. माझं डोकंच सटकलं. कॉमिक ओढायला एक हात घातला अन् दुसऱ्या हातातलं मशीन त्याच्या कानामागून थेट टाळूपर्यंत गेलं. केसांत पांढरी पायवाट पडली. तेवढ्यात मामा दारात.

"हे काय केलंस?"

वैजनाथनं डोक्यामागं हात फिरवला. "मीच सांगितलं, मामा. फॅशन आहे."

"असं होय? मग दुसऱ्या बाजूनं पण काढ रे तशीच."

"काढ," वैजनाथ डोळे मिटून म्हणाला.

मामा कॉमिक घेऊन बाकावर बसले अन् जरा वेळानं खो खो हसायला लागले. वैजनाथ वळून बघायला लागला.

"मान सरळ ठेव," मी खेकसलो. माझीच मान तिकडं वळली होती, अन् मशीन चालू होतं.