पटावरची पंचफुला

माझी बायको गोजरा तापानं गेली. तिची माती उरकून मी घरी आलो, तर मुलींच्या शाळेच्या बाई ओट्यावर रडत बसल्या होत्या. मी शाळा कमिटीचा अध्यक्ष. पंधरा मुली नसतील तर शाळा बंद, हा बोर्डाचा हुकूम मीच गावात घरोघर सांगितला होता.

"इंद्रभानभाऊ," बाई म्हणाल्या, "पंचफुलाचं नाव आता पटावरून कमी करा लागते. मंग बाकी चौदाच राह्यतात."

मला काही उमजेना. माझी आठ वर्षांची पंचफुला समोरच लहान्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"बाई, पोरगी जित्ती हाये. तिची माय गेली. अन् पोरगी शाळेत होती कधी? घरच्या कामासाठी मीच धाडली नाही."

"नाव पोरीचं. येऊन बसे तिची माय. म्हणे, अध्यक्षाच्याच घरून कोनी नाही, तं लोक आपल्या पोरी काहून धाडतीन?"

"दुपारी तं धुनं घेऊन नदीवर जाये ना?"

"जाये. धुनं शाळेतल्या मोठ्या पोरी धुवत, अन् गोजराबाई वर्गात बेरजा करे."

दोन वर्षं ती हजर होती. दर महिन्याच्या पटाखाली माझीच सही आहे.

उद्या पट वाशीमला बोर्डाकडे जायचा आहे. लहान्याला सांभाळायला आता पंचफुलेशिवाय घरात कोणी नाही. मी अजून तिचं नाव कमी केलेलं नाही आणि पटावर सहीही केलेली नाही. पंचफुलेलाही शाळेचं काही विचारलेलं नाही.