कडुनिंबाखालची माती

भूजल खात्यातल्या मैथिली मॅडम देवमनच्या विहिरीभोवतीच्या मातीचा निकाल घेऊन आल्या.

"विष या कडुनिंबाखालून सुटतंय. दर पावसाळ्यात झिरपत विहिरीत उतरतं. पुढची कित्येक वर्षं असंच उतरत राहील. इथं कुणी फवारणीचे डबे पुरले होते का?"

खाटेवरचा देवमन हसला. किडन्या गेल्या तरी जीभ शाबूत होती. "भरलेले डबे कोन पुरते, मॅडम? एवढं महागाचं औषध! ज्याले मराचं हाये तो बी पुरत नाई, पेते."

दारातली त्याची बायको गोकर्णा कडुनिंबाच्या बुंध्याकडं बघत राहिली.

गावात घराआड एक माणूस तेच औषध पिऊन जात होता, तेव्हाची गोष्ट. सरकार पंचनामे करी, विष मात्र दुकानात खुलेआम. देवमनचं बोलणं बंद झालेलं. तो अंजनगावच्या बाजाराला गेला तशी तिनं गोठ्यातले पत्र्याचे डबे उचलले, कडुनिंबाखाली पुरले आणि 'चोरीले गेले' म्हणून सांगितलं. देवमननं चार शिव्या हासडल्या, पण जगला. तिनं देवीपुढं नारळ फोडला.

मॅडमची जीप गेली.

"अवं गोकर्णा, तोंड काहून उतरलं तुयं? मी काई आत्ताच मरत नाई. घसा कोरडा पडला, पानी दे."

ती विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या माठापाशी गेली. इतकी वर्षं स्वतःच्या हातानं त्याच्यासाठी भरलेला गडवा आज तिला उचलवेना.