निकाल शंभर टक्के

"बसा," वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंखा कमी केला. हे बोलणं मोठ्या आवाजात केलेलं त्यांना आवडत नसे.

समोर मुलीचे वडील बसले. लिफ्टदुरुस्तीचं काम, तिथूनच तसेच आलेले. हाताला वंगण, म्हणून खुर्चीच्या दांड्यांना न टेकता. शेजारी मुख्याध्यापक होते, पण नुसते बसायला. बोलायचं वर्गशिक्षिकेनंच, हा शिरस्ता. शेवटच्या वर्षात जी मुलं निकाल खाली ओढतील, त्यांच्या पालकांना आधीच बोलवायचं आणि गोडीनं शाळा बदलायला सांगायचं. निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे तो असा. रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेचा साठच्या वर जात नसे.

इतरांशी पालक भांडत. बाईंना हात जोडून जात. "यांच्या हातून औषधही कडू लागत नाही," असं शिक्षकखोलीत म्हणत.

"मुलगी गुणी आहे," बाईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. "गणित झेपत नाही एवढंच. पलीकडे तिच्यावर ताण येणार नाही."

"पलीकडे एकेका वर्गात सत्तर पोरं आहेत. ताण कसला येतोय? तिच्यापर्यंत मास्तरच पोचायचे नाहीत."

मुख्याध्यापक हसले. बाई हसल्या नाहीत.

"एवढं वर्ष राहू द्या. मी शिकवणी लावतो."

"शिकवणीनं चार गुण वाढतील. तेवढ्यानं भागत नाही."

"म्हणजे नापास व्हायचं ते तिकडे जाऊन. आणि मग म्हणायचं, सरकारी शाळेत काही शिकवतच नाहीत."

"तुमचं खरं आहे," बाई म्हणाल्या. खरं आहे म्हटलं की पालकांचं बोलणं खुंटतं.

"तिच्या आईचं काय म्हणणं आहे?" हा प्रश्न बाई नेहमी शेवटी विचारत.

वडिलांनी मान वर केली. "ती काय म्हणणार? शाळेपुढे तिचं तोंड उघडत नाही."

"मग समजूत घाला."

"घालतो." ते उठले. खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि गेले.

"दाखला उद्याच तयार ठेवतो," मुख्याध्यापक म्हणाले. मग जरा थांबून, "आज तरी तुम्ही अडखळाल असं वाटलं होतं, बाई."

"नियम सगळ्यांना सारखाच, सर."

बाईंनी पुढचे दोन तास घेतले. फळ्यावरची गणितं मुलांकडून नीट सोडवून घेतली.

शाळा सुटली. फाटकाबाहेर मुलीचे वडील स्कूटर लावून उभे होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"तिला आता तू सांगतेस की मी?" त्यांनी विचारलं.

"मीच सांगते," पर्स मांडीवर घेऊन मागे बसत बाई म्हणाल्या. "आईचं ती निमूट ऐकते."